काल्याच्या कीर्तनाला खासदारबाई

या, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलं की डोळा लागतो, हा कीर्तनातला अनुभव आहे आणि गोष्टीतही तेच होतं. आज जी गोष्ट सांगणार आहे ती आपल्या खर्ड्याच्या अलीकडच्या जांभूळदऱ्याची. पण तिचं एक टोक साता समुद्रापलीकडं आहे. ते टोक इथवर कसं पोचलं, एवढंच बघायचं. शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे, ते गोष्ट संपल्यावर.

दुपारी दोनला भांडी पालथी घातली की दगडाबाई सुनेच्या मागं चटई टाकून बसायच्या. सून सविता इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. नवरा अंगद नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात, आणि ही घरातून कॉम्प्युटरवर काम करायची. काम असं, की विलायतेच्या पार्लमेंटात कोण काय बोललं ते ऐकायचं आणि थोडक्यात लिहून कंपनीला धाडायचं. तिच्या वाट्याला एकच खासदारबाई आल्या होत्या, वेल्स नावाच्या मुलखातल्या. कामाबद्दल नाव घेऊन बाहेर बोलायचं नाही, असं कंपनीनं लिहून घेतलेलं. म्हणून सासूलाही तिनं नाव सांगितलं नव्हतं.

दगडाबाईंना नावाची गरजही नव्हती. सात दिवसांच्या सप्त्यात एक कीर्तन न चुकवणाऱ्या या बाईला रोज दुपारी घरबसल्या कुणीतरी उभं राहून बोलताना दिसत होतं, तेवढं पुरे होतं.

"आज काय म्हनती गं आपली बाई?"

"तेच, आत्या. वेल्सला त्यांची स्वतःची सभा हाय, त्यांचा कारभार ती बघती. पन पैसा किती द्यायचा ते लंडनचं सरकार ठरवतं."

दगडाबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हंजे धाकटीला चूल वेगळी दिली, पन डब्यांच्या किल्ल्या थोरलीच्या कमरंला."

सविता हसली. कंपनीनं पाठवलेली बारा पानांची माहिती तिला इतकी स्वच्छ कळली नव्हती.

"अन् आज रेल्वेचं काढलंय," ती म्हणाली. "रेल्वे बांधली इंग्लंडात. पन हिशोबात ती वेल्सची बी धरली. मग वेल्सला वेगळा वाटा मिळंना. बाई म्हनत्या, आमच्याकडं तर एक फूट रूळ न्हाई."

"अन् मंत्री काय म्हनला?"

"म्हनला, रेल्वे सगळ्यांच्याच फायद्याची हाय."

दगडाबाई चटईवरून ताठ झाल्या. "अगं, हे तर आपल्या श्रीमंताचं बोलणं!"

श्रीमंत म्हणजे जांभूळदऱ्याचे सरपंच. दगडाबाईंची वस्ती गावापासून दूर माळावर, चाळीस घरांची. पिण्याचं पाणी ओढ्यापलीकडच्या हापशावरून. दगडाबाईंचे दोन्ही गुडघे त्या हापशानं खाल्ले होते, आता सविता कामाला बसण्याआधी चार हंडे आणायची आणि तिच्याही कमरेनं बोलायला सुरुवात केली होती. सरकारचा पैसा माणसं मोजून येतो. त्यात वस्तीची माणसंही मोजली गेली. पण त्या पैशातून गावाच्या तोंडाला भलीमोठी कमान उभी राहिली. वस्तीचा रस्ता माळावरून मागच्या बाजूनं येतो, त्यामुळं वस्तीतलं एकही माणूस तिच्याखालून जात नाही. ग्रामसभेत दगडाबाईंनी विचारलं, तेव्हा सरपंच म्हणाले होते, "काकू, कमान काय माझ्या एकट्याची हाय व्हय? सगळ्यांची हाय. तुमच्या वस्तीची बी हाय."

यंदा पुन्हा पैसा आला होता. मार्चअखेर खर्च केला नाही तर परत जाणार होता, आणि सरपंचांच्या मनात कमानीवर दोन हत्ती बसवायचं होतं. वस्तीचा नळ की हत्ती, एवढाच प्रश्न होता, आणि हत्तींची ऑर्डर द्यायला सरपंच दोन दिवसांत निघणार होते.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई दळण घेऊन गावात गेल्या. गिरणी सरपंचांच्या खास माणसाची, गोरक्षची.

"काय काकू, आज घुश्शात?"

"मग काय करू? आपली खासदारबाई काल परत उभी राह्यली पार्लमेंटात. म्हनली, काम केलं दुसरीकडं अन् मोजलं आमच्या नावावर. तर मंत्री म्हनतो, ते काम सगळ्यांचंच हाय! लाज बी वाटंना मेल्याला."

गोरक्षनं गिरणीचा पट्टा थांबवला. "पार्लमेंटात? कोन खासदारबाई?"

"नाव सांगायची बंदी हाय बाबा. सवितानं तसं लिहून दिलंय."

यात दगडाबाईंनी एक अक्षर खोटं सांगितलं नाही, हे ध्यानात ठेवा. गोरक्षनं मात्र पार्लमेंट म्हटल्यावर दिल्ली धरली. दळण तसंच अर्धं ठेवून त्यानं सरपंचांना फोन लावला.

सरपंचांना घाम फुटला. काम दुसरीकडं, मोजलं वस्तीच्या नावावर, म्हणजे कमानच! त्यांनी नगरच्या एका ओळखीच्या पुढाऱ्याला विचारलं. पुढाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. पण आपल्याला माहीत नाही असं म्हणणारा पुढारी अजून जन्माला यायचाय. तो म्हणाला, "हां हां, कानावर आलंय आमच्या. जपून राहा." त्यानं पुढं दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि संध्याकाळी तिसऱ्यानं सरपंचांनाच फोन केला, "तुमच्या गावाचा प्रश्न पार्लमेंटात गाजतोय म्हणं?" झालं. बातमी पक्की.

दुसऱ्या सकाळी सरपंच वस्तीवर हजर. चार वर्षांत पहिल्यांदा. गाडी ओढ्याच्या वाळूत रुतली, म्हणून शेवटचा पल्ला पायी. सविता हापशावर गेली होती.

"काकू, त्या खासदार ताईसाहेब," त्यांनी आवाज उतरवला, "तुमच्या कशा काय वळखीच्या?"

"वळख कसली? रोज ऐकते तिला. पोरगी लई सरळ हाय. कुनी ऐको न ऐको, मुद्दा सोडत न्हाई."

"मुद्दा सोडत न्हाईत," सरपंच स्वतःशीच म्हणाले. "अन् पक्ष कोनचा?"

"ते न्हाई बाबा इचारलं."

"आपल्या सप्त्याच्या काल्याला येतील का वो?"

दगडाबाईंचा चेहरा फुलला. "आली तर काय सोनं! पन लई लांब हाय रे श्रीमंता. बोलवून बघ."

सरपंचांनी याचा अर्थ लावला की आमंत्रण मागितलं गेलंय. ताईसाहेब काल्याला येणार, म्हणजे त्याआधी वस्ती बघणार. नऊ दिवस हातात होते. हत्तींची ऑर्डर राहिली. त्याच दुपारी माळावर जेसीबी आला, पाइपांचा ट्रॅक्टर आला, गावच्या नळांचं काम बघणारा मच्छिंद्र जेवायला घरी जाईना. वस्तीतल्या बाया कडेला उभ्या राहून खणलेल्या चराकडं असं बघत होत्या, जणू जमिनीतून काही जिवंत बाहेर येणार आहे.

सविताला कोडं पडलं. ते सुटलं पाचव्या दिवशी, काल्याची पत्रिका घरात आली तेव्हा. आपल्याकडं पत्रिकेत नाव छापायला त्या माणसाला विचारायची पद्धत नाही. सगळ्यात वर, सोनेरी अक्षरात होतं: 'प्रमुख उपस्थिती: मा. खासदार ताईसाहेब, यांच्या शुभहस्ते वस्तीच्या नळयोजनेचे उद्घाटन.'

"आत्या! ह्या कोन ताईसाहेब?"

"अगं, आपली बाई. श्रीमंत बोलावतो म्हनला हुता."

सविता खाली बसली. "आत्या, ती वेल्सला असती! विमानानं यायलाच दीड दिवस लागंल!"

"मी म्हनलं की त्याला, लांब हाय म्हनून."

सविता तशीच उठून गावाकडं निघाली, सगळं सांगून टाकायचं ठरवून. वाटेत मच्छिंद्र चरात उतरून पाइप जोडत होता. "वैनी, दोनशे फूट राह्यलं फक्त," तो घाम पुसत म्हणाला. सविता त्या दोनशे फुटांकडं बघत उभी राहिली. आता सांगावं, तर जेसीबी आल्या वाटेनं परत जाणार. ती तिथूनच घरी परतली. त्या दिवशी तिनं कंपनीला धाडलेल्या कामात तीन चुका निघाल्या.

काल्याचा दिवस उजाडला. मांडव भरला. व्यासपीठाजवळ एक सोफा, त्यावर नवा टॉवेल, समोर नारळ, शाल, फेटा. अमृत महाराज कीर्तनाला उभे राहिले. वस्तीच्या टाकीपर्यंत पाणी आलं होतं. पण व्हॉल्व्हच्या चाकाला लाल फीत बांधून त्याशेजारी मच्छिंद्रला बसवलं होतं. ताईसाहेबांचा हात लागल्याशिवाय तो खोलायचा नाही, असा हुकूम. सरपंचांचा निरोप मिळावा म्हणून त्याच्याकडं मोबाईल दिलेला.

साडेदहा झाले. अकरा झाले. टाळकरी दमले. अमृत महाराजांनी गौळण दोनदा लांबवली, पेंद्याला तीनदा पाणी पाजलं, कृष्णाला पुन्हा एकदा गोकुळातून फिरवून आणलं. शेवटी ते हळूच म्हणाले, "सरपंच, आता हंडी फोडू द्या. उन्हानं दह्याचं ताक व्हायला लागलं."

"पाच मिनिटं महाराज. ताईसाहेब शिवेवर आल्या असतील."

बायांच्या घोळक्यात दगडाबाई चुळबुळत होत्या. सविता त्यांचा हात घट्ट धरून होती. "आत्या, आज गप ऱ्हावा. पानी आल्यावर सांगू."

"कीर्तनात बसून गप कसं ऱ्हाऊ गं? देवासमोर हाय मी." आणि गुडघे धरत त्या उभ्या राहिल्याच. "महाराज, त्या यायच्या न्हाईत. त्या विलायतेच्या पार्लमेंटातल्या हायेत. ह्यानं मला कुटल्या ते इचारलंच न्हाई."

 मागून वस्तीतल्या मालनबाईंचं हसू फुटलं आणि ते पुढच्या रांगेपर्यंत आलं. सरपंचांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. त्यांनी मोबाईल कानाला लावला. "मच्छिंद्र, फीत सोडू नको. पाइप उपसायचा का ते मी सांगतो."



अमृत महाराज मात्र वीणेकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारात पडले होते. तीस वर्षं कीर्तन केलं, पण ही कथा त्यांना नवी होती. "थांबा सरपंच. माय, काय विचारती गं ती बाई?"

दगडाबाईंनी सांगितलं. चूल, किल्ल्या, रेल्वे, एक फूट रूळ नाही, सगळं. महाराज म्हणाले, "दाखवा की जरा."

सविताला मोबाईल लावावा लागला. नाव न सांगण्याची अट होती. दाखवू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. ध्वनिक्षेपकाला मोबाईल टेकवला आणि वेल्सच्या खासदारबाई जांभूळदऱ्याच्या मांडवात बोलू लागल्या. सविता वाक्यावाक्याला मराठी सांगत होती. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून मोबाईलच्या पडद्यावर वाकली.

"बाकं तर रिकामी दिसत्यात," गोरक्ष म्हणाला.

"सात माणसं," मालनबाईंनी मोजली. "ह्यांच्या बी सभंला कोरम न्हाई!"

"तरी बोलती बघा."

मंत्री उठला. ते काम सगळ्यांच्याच फायद्याचं आहे, म्हणाला आणि बसला.

मांडवातून एकच हाय निघाली. "अरं, लबाड हाय का कोन!" "तोंड वर करून सांगतो बघा!" "गोरापान हाय, पन बोलणं बघा!" प्रत्येकजण त्या मंत्र्याला काही ना काही बोलून घेत होता. सगळ्यात पुढं वाकून बघणारे सरपंच श्रीमंतही तावातावानं म्हणाले, "असल्या मानसाला खुर्चीवर बसू कसं देत्यात?"

आणि मग हळूहळू मांडव शांत झाला.  दोनशे माणसं नुसती सरपंचांकडं बघत राहिली. त्यांच्या हातातल्या मोबाईलमधून मच्छिंद्रचा आवाज येत होता, "हॅलो, साहेब... मी काय करू? हॅलो?"

सरपंचांनी सोफ्यावरच्या शालीकडं बघितलं. मग मोबाईल तोंडाजवळ नेला. "सोड फीत. खोल." आणि मांडवाकडं वळून, थोडं चढ्या आवाजात, "आपन काय त्या मंत्र्यासारखं हाय व्हय?"

अमृत महाराजांनी त्याच क्षणी हंडी फोडली. दह्याचं खरंच ताक झालं होतं, पण कुणी तक्रार केली नाही. बाया प्रसाद हातात घेऊनच माळाकडं पळाल्या. शाल दगडाबाईंच्या खांद्यावर पडली. फेटा मात्र त्यांनी घेतला नाही.

पुढच्या ग्रामसभेत दगडाबाईंनी कागद दिला, आणि वेल्सला तिचा वाटा मिळावा असा ठराव जांभूळदऱ्यानं दोन मिनिटांत एकमतानं मंजूर केला. अनुमोदन सरपंच श्रीमंतांचं. दर बुधवारी ते सविताला फोन करतात, "काय गं, दिलं का काय त्या भाड्यानं?" सविता म्हणते, "न्हाई अजून." ते मनापासून हळहळतात.

आता माझं मागणं. तुमच्या दारात नळ सुटला आणि पहिला हंडा भरला, की क्षणभर त्या बाईची आठवण काढा. नाव मला विचारू नका, सविता अजून सांगत नाही. ती बाई आजही उभी असेल, समोर सात माणसं असतील.