वज्रमूठ माफी मागतो

चॅम्पियनने फक्त बघायचं ठरवलं होतं. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. (त्या घरातल्या बहुतेक दुर्घटना याच ठरावाने सुरू झाल्या आहेत. मिक्सर जळला तोही असाच.)

चॅम्पियन हे टोपणनाव. कॉलेजात असताना कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मारामारीच्या एका खेळात त्याने सगळ्या वर्गाला लोळवलं होतं. खेळ सरळ होता. दोन गडी समोरासमोर, घंटा झाली की ठोसे, एकजण आडवा झाला की पुन्हा घंटा, आणि दोघेही पुन्हा टवटवीत. त्यातला 'वज्रमूठ' नावाचा पहिलवान त्याचा लाडका. पुढे लग्न झालं, एका मोठ्या कचेरीच्या तक्रार-खिडकीवर नोकरी लागली, पोट सुटलं. टोपणनाव तेवढं टिकलं. आणि टिकले ते खेळाचे नियम. सकाळी बायकोवर खेकसून जायचं आणि संध्याकाळी चपला काढताना धरून चालायचं की घंटा झाली, दोघेही टवटवीत.

त्याच वज्रमुठीवर आता निराळा खेळ निघत होता, साहसाचा. यात नुसते ठोसे नव्हते. चालायचं, चढायचं, माणसांशी बोलायचं, किल्ल्या शोधायच्या. लेक खेळ तपासणाऱ्या कंपनीत नवीनच लागली होती. बाजारात जाण्याआधी खेळ खेळून त्यातल्या चुका हुडकायच्या, हे तिचं काम. सोमवारी शेवटच्या दारापर्यंत पोचलेला खेळ साहेबांना दाखवायचा, त्यावर नोकरी पक्की होणार की नाही ते ठरणार. शनिवारी ती मैत्रिणीच्या लग्नाला गेली.

"बाबा, हात लावू नका हं."

"अगं, मी चॅम्पियन आहे. मला काय शिकवतेस?"

ती जिना उतरली आणि याने टीव्हीला जोडलेलं तिचं खेळाचं यंत्र लावलं. पडद्यावर एक प्रश्न आला. कचेरीत समोर येईल त्या कागदावर न वाचता सही ठोकायचा हात तो. त्याने 'हो' दाबलं. प्रश्न होता, 'जुना खेळ पुसून नवा सुरू करायचा का?'

वज्रमूठ गावाच्या वेशीवर उभा राहिला. दारात पहारेकरी.

"आत सोड," चॅम्पियनने बटण दाबून सांगितलं.

"आधी पलीकडच्या चौकीचा शिक्का आणा," पहारेकरी म्हणाला.

पलीकडची चौकी बंद होती. परत आला, तर पहारेकरी म्हणाला, "जेवणाची सुट्टी. नंतर या."

चॅम्पियनचं डोकं फिरलं. "ही काय पद्धत झाली? माणसाला इकडून तिकडे नाचवायचं?" (हे वाक्य तो स्वतः रोज ऐकत असे, पण काचेच्या आतल्या बाजूने.) त्याने पहारेकऱ्याच्या जबड्यावर ठेवून दिली.

पहारेकरी पडला. चॅम्पियन घंटेची वाट बघत बसला. घंटा झालीच नाही. पहारेकरी उठून पायरीवर बसला, गाल चोळत टकामका बघत. गावातल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. लेकीचा साठवलेला खेळ शोधायला म्हणून तो पहिल्या पानावर परत गेला, तर तिथे काहीच नव्हतं; सगळा पुसला गेला होता.

"अगं, ऐकतेस का?"

हा 'अगं' बायकोला ओळखीचा होता. मिक्सरच्या वेळीही असाच आला होता. ती पदराला हात पुसत आली आणि ऐकत ऐकत खुर्चीत बसली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लेकीची नोकरी पक्की होईपर्यंत बायकोने व्रत धरलं होतं: कुणालाही कठोर शब्द बोलायचा नाही, कुणाला दुखवायचं नाही. तिच्या ओठांपर्यंत पुष्कळ काही आलं. तिने डोळे मिटले, ते सगळं गिळलं, आणि म्हणाली, "असू दे. उद्या संध्याकाळपर्यंत ती येते. तोवर पोचवू तिथपर्यंत."

"तू? तुला ठोसा मारता येतो का?"

"नाही. पण रांगेत उभं राहता येतं."

आणि ती खरोखरच उभी राहिली. आयुष्यभर रेशनपासून दाखल्यापर्यंत सगळ्या खिडक्या तिनेच पालथ्या घातल्या होत्या. विहिरीवरून पाणी आणून तिने पहारेकऱ्याला दिलं, विचारपूस केली, चौकी उघडेपर्यंत थांबली. शिक्का मिळाला. मग आजीबाईंची शेळी शोधून दिली, नावाड्याचा दोर गुंडाळून ठेवला. किल्ल्या आपणहून हातात पडत गेल्या. दरोडेखोर दिसले की ती झुडपामागून वळसा घाली. जिथे वळसाच नव्हता, तिथे कंट्रोलर नवऱ्याच्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून बसे.

"झालं का हो?"

"थांब जरा! अंगठा धरलाय."

"समोर कोण आहे?"

"...हंस."

चॅम्पियनला त्या हंसाने तळ्यात पुन्हा पुन्हा बुडवलं. शेवटी बायकोनेच हंसाला दाणे टाकले, तेव्हा कुठे वाट मिळाली.

रविवारी लेक दारात आली, तेव्हा वज्रमूठ किल्ल्याच्या शेवटच्या दारापाशी होता. बायकोने दारातच सगळं खरं सांगून टाकलं. लेकीने बॅग तिथेच टाकली.

"बाबा! माझी नोकरी आहे ही!"

"पण पोचलो ना आपण?"

"'आपण'?" बायको एवढंच म्हणाली आणि पुढचं तिने गिळलं.

दारावर एक पहारेकरी होता. तोच, बढती मिळून आलेला. त्याने वज्रमुठीकडे बघून गाल चोळला. दार उघडायचं बटण पडद्यावर नव्हतंच. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं: 'माफी मागा.'

"मी नाही मागणार," चॅम्पियन म्हणाला. "दुसरा मार्ग असेल."

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. लेकीने कंट्रोलर त्याच्या हातात ठेवला. त्याने डोळे मिटून बटण दाबलं.

पडदा काळा झाला. यंत्राने एक आचका दिला आणि बंद पडलं.

जन्मात पहिल्यांदा माणसाने माफी मागितली, तर यंत्राला सोसवली नाही!

सोमवारी लेक रडवेल्या तोंडाने ऑफिसला गेली. दुपारी तिचा फोन आला. चॅम्पियनने रजाच टाकली होती; त्याने स्पीकर लावला.

"बाबा, खेळातली चूक सापडली! ते माफीचं बटण बनवणाऱ्यांनी ठेवलं होतं, पण आजवर एकानेही दाबून बघितलं नव्हतं. पहारेकऱ्याला मारणारा कधी खरंच माफी मागेल, असं कुणाला वाटलंच नाही. साहेब खूश आहेत. नोकरी पक्की!"

चॅम्पियनने टाळी वाजवली. "बघितलंस? शेवटी कुणामुळे झालं? मी ठोसा मारला म्हणूनच ना! चला, सुटलो सगळे."

"हो," बायको म्हणाली. "सुटलं."

तिने गॅस बंद केला. देवापुढे हात जोडले, व्रत पूर्ण झाल्याचं सांगितलं. मग पदर खोचून त्याच्या समोर खुर्ची ओढली.

"बसा. आधी मिक्सरचं बोलू."

चॅम्पियन घंटेची वाट बघत राहिला.