नदीची मोजणी

जांभुळडोहच्या नदीने आपल्या जमिनीच्या मोजणीसाठी रीतसर अर्ज केला, आणि लगतच्या खातेदार म्हणून वत्सलाकाकू चाळकेंना नोटीस आली. मोजणी मंगळवारी सकाळी होती. काकूंनी कामं भराभरा उरकली, कारण नदी वेळेची पक्की.

मोजणीदार गुजरांनी काकूंच्या स्वयंपाकघरात फीत लावली आणि खडूने रेघ ओढली. "हद्द इथून जाते. चूल नदीच्या वाट्याला, मांडणी तुमच्या."

काकू चुलीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या चुलीवर तीस वर्षं त्यांनी भाकऱ्या भाजल्या होत्या.

"अगं बाई," त्या नदीला म्हणाल्या, "सासूबाईंच्या वेळी तू पार त्या जांभळीखाली असायचीस. आताच माझ्या चुलीवर डोळा?"

"मला काय हौस आहे?" नदी म्हणाली. "वरची झाडं तोडलीत. पूर्वी पाऊस डोंगरात मुरत मुरत यायचा, आता एकदम अंगावर येतो. रस्त्यासाठी डोंगर कापलात आणि राडारोडा माझ्यातच लोटलात. तळ भरला. मग आडवं पसरू नको तर काय करू?"

गुजरांनी ते शब्दशः लिहून घेतलं. "काकू, हरकत असेल तर नोंदवा."

"आहे ना हरकत! डोंगराला बोलवा. माती त्याची आहे."

"डोंगर निम्मा हजर आहे," नदीच्या पात्राकडे बोट दाखवत गुजर म्हणाले. "त्याने आपली माती उचलली, तर अर्जदाराला जादा जागा लागणार नाही. मुदत पावसापर्यंत."

पण डोंगराला हात नव्हते. काकूंनी पदर खोचला आणि घमेलं उचललं. दुसऱ्या दिवशी जाऊबाई कुरकुरत आल्या, मग सगळी वाडी आली. गाळ वर नेऊन उतारावर पसरला, माती अडवायला दगडांच्या ताली घातल्या, बांबू आणि करंज लावले. गुजर रोज येऊन किती डोंगर परत गेला ते मोजत.

श्रावणात नदी आली. अंगण ओलांडलं, पायरी चढली आणि उंबऱ्याशी थांबली. चूल पेटलेलीच होती.

"चहा टाकू?" काकूंनी विचारलं.

"अर्धाच कप. घाईत आहे."

"आणि तो वरचा निम्मा डोंगर? यायचा होता ना?"

"यायचं म्हणतोय. बांबूंनी धरून ठेवलाय."

"राहू दे त्याला तिथंच," काकू म्हणाल्या, आणि एक कप चहा वर पाठवून दिला.