मेंदू काम करतोय

वैशाखऱ्याला जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर गाडी मागे घेत होता आणि आतली सगळी माणसं त्याला एकाच वेळी वाट दाखवत होती. "डावीकडं घे रे!" "आरं, गटार हाय!" तेवढ्यात आमच्या गुप्ते मॅडम ओरडल्या, "कोणीही काही सांगू नका! मेंदू काम करतोय!"

जीपमध्ये शांतता पसरली. त्या शांततेत जीप अलगद गटारात गेली.

"आता हे त्याच्या जन्मभर लक्षात राहील," मॅडम खाली उतरत म्हणाल्या आणि पदर खोचून गाडी ढकलायला लागल्या.

गुप्ते मॅडम न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहेत. डोक्याला मार बसला की माणसाचं लक्ष, आठवण, कामांचा क्रम कुठे अडतो ते त्या शोधतात. शहापूरच्या एका संस्थेत त्या माजी सैनिकांना तपासतात आणि मी त्यांची मदतनीस आहे. मुलाखतीत मी जवळजवळ काहीच बोलले नाही. एकतर माझा स्वभाव तसा, त्यात इंग्रजी शाळेमुळे मराठी बोलताना मी दोनदा विचार करते. मॅडम खूश झाल्या. "आधीची मुलगी पेशंटला उत्तरं सांगायची. तू छान गप्प बसतेस. उद्यापासून ये."

सैनिकांना तपासण्यात एक अडचण असते. काहीही विचारा, उत्तर येतं, "सब ठीक, मॅडम." म्हणून मॅडमनी विचारणंच सोडलं. त्या घरी जातात आणि म्हणतात, "चहा करा." पातेलं, पाणी, पावडर, साखर, गॅस. सगळा मेंदू त्यात दिसतो. नियम एकच: मध्ये कोणी बोलायचं नाही, आणि झालेला चहा प्यायचा. कसाऱ्याला आम्ही मिठाचा चहा प्यायलो. म्हसा गावात हळदीचा. "रंग सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या आणि कप रिकामा केला. माझा मी तुळशीला घालणार होते, पण तुळशीची दया आली.

जीप गटारातून निघाली आणि आम्ही वैशाखऱ्याला नामदेव हवालदारांच्या घरी पोचलो. स्फोटात त्यांच्या डोक्याला मार लागला होता. मागे एकदा ते गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसले, तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, घर सोडलं नव्हतं. आता सुमनताईंना मुरबाडला कारखान्यात काम मिळत होतं. पण नवऱ्याला म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर ठेवता येईल का, हे आज ठरायचं होतं.

हवालदार ओट्यापाशी ताठ उभे राहिले. हात मिठाच्या डब्याकडे गेला. कोपऱ्यातून त्यांची आई खोकली. हात थांबला आणि साखरेकडे वळला.

"आजी, खोकल्याचं औषध देऊ?" मॅडमनी विचारलं.

"नको गो बाय. त्यानं बरोबर डबा घेतला का जातो माजा खोकला."

आजींना अंगणात बसवलं. त्या खिडकीतून खोकायला लागल्या. मग खिडकी लावली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

"आवो, ती पावड..." सुमनताईंच्या तोंडून निघालंच.

"सुमनताई, मेंदू काम करतोय!"

सुमनताईंनी पदर तोंडात धरला. पातेल्यात साखर पडली, पावडर पडली, दूध पडलं. चहा उकळला. हवालदारांनी सांडशीनं पातेलं उतरवलं, चहा गाळला आणि कप घेऊन ते आमच्याकडे निघाले.

मागे गॅस तसाच जळत होता.

आम्हा सगळ्यांना तो दिसत होता. सुमनताईंनी डोळे मिटले. मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मीच ओरडले असते. हवालदारांनी मॅडमच्या हातात कप दिला. मग ते थबकले. कपाळावर आठी आली. गर्रकन वळून त्यांनी बटण बंद केलं, खाली वाकून सिलिंडरचंही बंद केलं आणि सलाम ठोकला. "गॅस बंद, मॅडम!"

"स्वतःची चूक स्वतः पकडलीत. मला एवढंच बघायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "सुमनताई, कामाला लागा."

सुमनताई रडायला लागल्या. आजी दार उघडून आत आल्या आणि विचारायला लागल्या, "पास झाला का गो?"

मी पिशवी आवरली. मॅडम मात्र उठल्या नाहीत. त्यांनी रिकामा कप हवालदारांपुढे धरला.

"अजून एक कराल?"

हवालदार पुन्हा ताठ झाले. "परीक्षा परत, मॅडम?"

"नाही हो. हा नुसता चहा. मला घरी करून देणारं कोणी नाही."

हवालदार ओट्याकडे वळले. डब्यांचा आवाज झाला, लायटर वाजला. मॅडमनी तिकडे पाहिलंच नाही. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, त्या चहाची वाट बघत बसल्या.