भिंतीपलीकडची हुग्गी

शुक्रवारी संध्याकाळी शिवप्रकाश घरी आला तो तोंडात गुळणी धरल्यासारखा. हातपाय धुतले, चहा घेतला, पण तोंड उघडेना. सोमवारी त्याच्या वडिलांची पुण्यतिथी. जंगम महाराज प्रसादाला येणार, भावकी येणार. आई नीलम्मा हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या गोड खिरीचे, गहू निवडत बसली होती. आणि सोमवारी सकाळपासून दुपारपर्यंत परभणीच्या त्या सगळ्या भागातला पाइपचा गॅस बंद राहणार, हे शिवप्रकाशला त्याच दिवशी कळलं होतं.

मग सांगून टाकावं ना! पण सांगणार कसं? घरात बायको होती.

बायको महेश्वरी त्याच्याच कंपनीत. कंपनी वीज आणि गॅस दोन्ही पुरवायची, आणि पूर्वी सगळे एकाच हॉलमध्ये बसून एकाच डब्यातलं लोणचं खायचे. मग वरून नियामक आयोगाचा हुकूम आला. तारा आणि पाइप सांभाळणारे वेगळे, त्यातून वीज-गॅस विकणारे वेगळे. कारण त्याच तारांवरून आणि पाइपांतून उद्या दुसरे विक्रेतेही माल विकणार. आपल्याच विक्रीवाल्यांना आतली बातमी आधी कळायला नको. हुकूम वाईट नव्हता. पण चांगल्या हुकमाचं वाटोळं कसं करायचं, हे आपल्या हपिसांना शिकवावं लागत नाही. हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. डावीकडे वाहिनी विभाग, उजवीकडे विक्री विभाग. दारं दोन, माठ दोन. संडास मात्र एकच राहिला, म्हणून तिथं बोलायला बंदी आली. तंत्रज्ञ शिवप्रकाश डावीकडे गेला, महेश्वरी उजवीकडे. दोन्हीकडे सरळ ये-जा उरली ती एका चहावाल्या तानुबाईची. तिला कोणत्या विभागात घालावं, हे अजून ठरलं नव्हतं.

या भिंतीचे राखणदार आदिनाथ साहेब. हुद्दा आचारपालन अधिकारी. भिंतीच्या टोकाला खुर्ची टाकून एकेक डोळा एकेका विभागावर ठेवायचे. नशीब इतकं फुटकं, की राहायलाही ते शिवप्रकाशच्या शेजारीच. शिवप्रकाशची बढती त्यांच्या एका शेऱ्यावर लटकलेली. गॅस बंदची जाहीर सूचना मुख्यालय सोमवारी सकाळी काढणार होतं. सगळ्यांना एकाच वेळी कळावं म्हणून कुणालाच कळू द्यायचं नव्हतं.

"माय," शिवप्रकाशनं खडा टाकून पाहिला, "बाबाचं पुढल्या सोमवारी केलं तर?"

"का? पुढल्या सोमवारी मेला व्हता का तुझा बाप?"

"तसं न्हाई, जरा मोकळं ऱ्हाईल."

"मयताची तिथी सरकत नसती. म्हाराजाला सांगून बसले मी. म्हाराज दारातून उपाशी गेले तर भावकी मला जित्तेपनी गाडंल."

"मंग चुलीवर कर की. चुलीवरची हुग्गी लय ग्वाड लागती."

"स्लॅबच्या घरात चूल कुठं मांडू? तुझ्या टाळक्यावर?"

महेश्वरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "का वो? गॅसला काय धाड भरली?"

"मी गॅसचं नाव तरी घेतलं का?"

"घेतलं न्हाई, म्हणून तर इचारायली."

भिंतीपलीकडे आदिनाथ साहेब खोकले. शिवप्रकाशनं गहू निवडायला घेतले.

रविवारी तो करंटच्या दोन शेगड्या घेऊन आला.

"दोन?" महेश्वरीनं विचारलं.

"सेल व्हता."

"गॅस इकणारीच्या घरात करंटच्या शेगड्या! लोक शेण घालतील तोंडात."

"घालू दे. तू फक्त पातेलं घाल."

सोमवारी नीलम्मा पहाटेच "देवळात जाऊन येते" म्हणून बाहेर पडली. पुण्यतिथी म्हणून महेश्वरीनं घरूनच ग्राहकांचे फोन घ्यायची ड्यूटी मागून घेतली होती. ठरल्या वेळी गॅसची ज्योत मान टाकून विझली. महेश्वरीनं नव्या शेगड्या पुढं ओढल्या. दोन पातेली झाकण ठेवून दोन शेगड्यांवर चढवली, शिवाय मिक्सर लावला. खांबावर फाटकन आवाज झाला आणि अख्ख्या गल्लीची लाइट गेली.

शिवप्रकाश पकड घेऊन खांबाकडे धावला. बनियनवरचे आदिनाथ साहेब ओट्यावरून ओरडले, "थांबा! तक्रार आली का?"

"साहेब, माझ्याच घरची लाइट गेली की!"

"ती तुम्हाला घरचा माणूस म्हणून कळली. वाहिनी विभाग म्हणून अजून कळलेली नाही. तक्रार विक्रीकडं जाईल, तिथून माझ्या मंजुरीनं तुमच्याकडं येईल. मग चढा."

शिवप्रकाशनं कपाळावर हात मारला आणि ग्राहक सेवेला फोन लावला. फोन त्याच्याच स्वयंपाकघरात वाजला.

"नमस्कार, ग्राहक सेवा. आपलं नाव?"

"अगं, मीच हाय!"

"ग्राहकानं पूर्ण नाव सांगावं."

"खिडकीतून बघ की! खांबाखाली हुबा हाय!"

"पत्ता?"

"तुझाच!"

"तक्रार नोंदवली आहे. आपल्याला आपल्या भागातल्या बंदची काही आगाऊ माहिती होती का?"

शिवप्रकाशनं साहेबांकडे पाहिलं. साहेब त्याच्याकडेच पाहत होते. "न्हाई," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की न्हाई!"

"धन्यवाद. आपला दिवस शुभ जावो." फोन बंद.

मंजुरी द्यायच्या आधी साहेब अंघोळीला गेले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जंगम महाराज दिसले, मागे भावकी. शिवप्रकाश तांब्या घेऊन पुढं झाला. त्यानं महाराजांचे पाय धुतले. पंगत बसली. पानं मांडली गेली. आत शिजलेलं काही नाही आणि बाहेर चुलता विचारतोय, "काय रं शिवा, वास कसा येईना?"

आणि वास आला. मागच्या दारातून नीलम्मा आली, तिच्यामागे तानुबाई, आणि दोघींच्या डोक्यावर वाफाळती पातेली. हुग्गी, आमटी, भात, भजी, सगळं.

"तानुबाईच्या चुलीवर शिजवलं," नीलम्मा पदरानं घाम पुसत म्हणाली. "ती शुक्रवारीच सांगून गेली, सोमवारी गॅस जानार."

"तानुबाईला कळलं व्हतं?"

"साऱ्या गावाला कळलं व्हतं रं. तुझ्या साहेबाच्या भिंतीला च्याचा कप जाईल येवढं भोक हाय. तितून बातमी जाती."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"तू सांगितलं का मला? घरात दोन खाती हायतीच, मी तिसरं उघडलं."

शिवप्रकाश महेश्वरीकडे वळला. "तुला बी म्हाईत व्हतं?"

"आत्यानी सांगितलं की शुक्रवारीच," महेश्वरीनं सासूकडे बोट केलं. " तुमी कवा सांगताव ते बघायले मी."

"आन् त्या शेगड्यांवर काय ठेवलं व्हतंस?"

"पानी," महेश्वरी म्हणाली. "तुमच्या बढतीला आधन ठेवलं व्हतं."

भावकीला काही कळलं नाही, पण हसायला कारण लागतंच असं नाही. महाराजांनी पहिला घास घेतला, "बरं झालं," म्हणाले, आणि नीलम्माचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात दारात आदिनाथ साहेब. केस ओले, चेहरा पडलेला. घरी बायकोला त्यांनीही बंदचं सांगितलं नव्हतं, तत्त्वाचा माणूस. तिनं ताटात कच्चे तांदूळ वाढले होते.

"आजी, म्हटलं, प्रसाद घ्यावा."

"या की साहेब! बसा." नीलम्मानं पाट टाकला, पान मांडलं.

सगळ्यांना दुसऱ्यांदा हुग्गी आली. साहेबांचं पान कोरंच. तूप आलं आणि पुढं गेलं. भजी आली आणि पुढं गेली.

"आजी, हुग्गी..."

"साहेब, आमच्याकडं आत शिजवणारी येगळी, भाईर वाढणारी येगळी. आत काय हाय ते मला सुनंला सांगता येत न्हाई."

"अहो, पण वास येतोय!"

"मंग बातमी फुटली म्हनायची. कुनी फोडली ते बघा तुमी."

पंगतीत शिवप्रकाशला ठसका लागला. साहेबांनी आपल्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. "मग मी करू तरी काय?"

"तक्रार करा. सून घेती."

महेश्वरी हुग्गीचा डाव हातात धरून समोर उभी राहिली.

"नमस्कार, ग्राहक सेवा," ती म्हणाली. "ग्राहकानं पूर्ण नाव सांगावं."