आफ्केआजींची बेपत्ता मुलं

वीब्रेन हूकस्ट्राच्या मते नेदरलँड्समधल्या लेवार्डन शहरात बुद्धिमान माणसं दोनच. दुसरा कोण, हे त्याने अजून जाहीर केलेलं नव्हतं. वेबसाइटी बनवणं हा त्याचा धंदा, पण कार्डावर त्याने 'संगणक-गुप्तहेर' असं छापून घेतलं होतं. त्या कार्डावर त्याची सहकारी रेन्स्का हिचं नाव नव्हतं. कामं मात्र शेवटी तीच निस्तरत असे.

शनिवारी दुपारी एकला सत्त्याऐंशी वर्षांच्या आफ्केआजी साखरेचा पाव घेऊन ऑफिसात आल्या. त्यांचा भाऊ कॅनडात वारला होता. त्याची नातवंडं पहिल्यांदाच येत होती, आणि तीन वाजता सभागृहात त्यांना पडद्यावर घराण्याची वंशावळ दाखवायची होती. एका नावावर बोट ठेवलं की खाली त्याची मुलं उघडणार, मुलांवर ठेवलं की नातवंडं. वंशावळ वीब्रेननेच बनवलेली. पण आज पडद्यावर एकटे खापरपणजोबा उभे होते. कितीही टोचलं तरी खाली कोणी येईना.

"हे निपुत्रिक कधी झाले?" आजींनी विचारलं. "मग मी कुठून आले?"

"घातपात," वीब्रेन गंभीरपणे म्हणाला. "माझ्या यशावर जळणारे बरेच आहेत."

"कोण?" रेन्स्काने विचारलं.

तासभर विचार करूनही एकही नाव न सुचल्याने त्याने तो धागा सोडला. मग सर्व्हरला घराणं जड झालं असावं म्हणून त्याने सगळे जावई वगळले. खापरपणजोबा एकटेच राहिले.

"कदाचित त्यांना खरंच मुलं नसतील."

"वीब्रेन, आजी समोर बसल्यात."

"तो परिस्थितिजन्य पुरावा झाला."

सव्वादोन वाजले. आजी घड्याळाकडे बघून हातरुमाल चुरगळू लागल्या, तशी रेन्स्काने सर्व्हरकडून येणारा मजकूरच पडद्यावर उघडला. डब्यात डबे बसवावेत तशी माणसात मुलं, मुलांत नातवंडं. जावई सोडून सगळे हजर. आजींनी चष्मा लावला.

"प्रत्येक नावाखाली 'बेर्न' लिहिलंय."

"आपल्या फ्रिसियन भाषेत 'मुलं'," वीब्रेनची छाती फुगली. "कालच बदललं मी. मातृभाषेचा अभिमान पाहिजे."

"आणि वंशावळीचं झाड दाखवणारं हे यंत्र कुठलं?"

"अमेरिकेतलं सॉफ्टवेअर आहे. आयतं मिळतं."

"मग त्याला फ्रिसियन येतं का रे?"

रेन्स्काने त्या यंत्राची माहितीपुस्तिका उघडली. मुलांची यादी 'चिल्ड्रन' याच नावाने पाठवा, असं पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं. तिने तो एक शब्द बदलला, जावयांना परत घरात घेतलं आणि खापरपणजोबांवर बोट ठेवलं. खाली सात मुलं उघडली. आजींनी बोटाने पुढची नावं उघडली. शेवटी त्यांचं नाव आलं, आणि शेजारी भावाचं. बराच वेळ त्यांनी बोट तिथून काढलं नाही.

"माझाही संशय भाषेवरच होता," वीब्रेन म्हणाला.

आजींनी डोळे पुसले. "पोरा, तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"तरीच. मुलं असतात घरात, आणि हाका मारतोस तू भलत्याच नावाने."