सहा पडेपर्यंत नायक बाहेर

सापशिडीवर मारधाडीचा सिनेमा काढायचा, हे निर्मिती कंपनीच्या बैठकीत एकमताने ठरलं. एकमताने, कारण मत फक्त निर्मात्यालाच होतं. पटकथेचं काम लेखकाकडे आलं. त्याच्या आजवरच्या सगळ्या पटकथा दुसऱ्यांच्या नावावर लागल्या होत्या. या वेळी पडद्यावर त्याचं नाव येणार होतं, आणि त्याच्या ताईने ही बातमी शेजारीपाजारी पोहोचवलीही होती.

"गोष्ट काय आहे?" निर्मात्याने विचारलं.

"नायक शिडी चढतो, साप गिळतो, तो खाली येतो, पुन्हा चढतो."

"माझं चरित्रच लिहिलंत की! मंजूर."

पोस्टर झळकलं आणि 'सापशिडी शुद्धता समिती' स्थापन झाली. खेळाचे नियम मोडल्यास बालपणाच्या भावना दुखावतील, असं समितीने कळवलं. निर्माता भावनांना फार जपे, विशेषतः तिकीट काढणाऱ्यांच्या. त्याने समितीच्या अध्यक्षांनाच सेटवर नियम-निरीक्षक नेमलं.

पहिल्याच सकाळी अध्यक्षांनी फासा पुढे केला. "सहा पडल्याशिवाय नायकाला सिनेमात येता येणार नाही."

महानायकाने फासा टाकला. तीन.

"हात निसटला. पुन्हा टाकतो."

"पुन्हा नाही. आता खलनायकाची पाळी."

खलनायकाला सहा पडले, म्हणून आणखी एक दान मिळालं. आठवडाभरात त्याने बँक लुटली, दोन पूल उडवले आणि अडवायला कोणीच येत नाही म्हणून कंटाळून नायिकेशी लग्न केलं. सगळं नियमात बसत होतं. महानायकाच्या दंडांना रोज सकाळी तेल लावलं जाई आणि संध्याकाळी ते पुसलं जाई.

सिनेमा डब्यात गेला तर नावही जाणार, म्हणून लेखकाने धीर केला. "साहेब, लहानपणी कोणी बघत नसताना फासा बोटाने उलटवून एखादं दान सगळेच फिरवायचे. नायकालाही फिरवू द्या ना."



"आमच्या घरात असलं काही चालत नसे," अध्यक्ष म्हणाले. कॅमेरामनच्या घरातही नसे. मेकअपवाल्या बाईंच्याही नसे.

"मी तर मुद्दाम हरायचो," निर्माता म्हणाला आणि त्याने डोळ्यांना रुमाल लावला.

दुसऱ्या दिवशी महानायकाला दोन पडले. तो बुटाची नाडी बांधायला वाकला. उठला तेव्हा सहा होते. त्या वेळी सेटवरच्या झाडून सगळ्यांना छतावर काहीतरी महत्त्वाचं दिसलं होतं.

"शुद्ध दान!" अध्यक्षांनी जाहीर केलं. टाळ्या थांबेनात.

सिनेमा झपाट्याने पूर्ण झाला. मग अध्यक्षांना आठवलं की पडद्यावरची नावंही खेळाचाच भाग आहेत. ज्याला सहा पडतील, त्याचं नाव. लेखकाला चार पडले.

"अरेरे," अध्यक्ष हळहळले आणि पाठ फिरवून खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर नुसती भिंत होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली.

लेखकाने करंगळी पुढे केली.

पहिल्या खेळाला त्याचं नाव पडद्यावर झळकलं. ताईने शिट्टी मारली. बाहेर पत्रकारांनी त्याला घेरलं. "लहानपणी तुम्ही कधी दान फिरवलंत?"

"छे! आमची ताई फार कडक होती."

"आणि ताई, तुम्ही?"

"मी? इश्श!"

वाचकहो, तुम्हीही कधी फिरवलं नाहीत, हे आम्हाला मान्यच आहे. फक्त एकदा आपल्या धाकट्या भावंडासमोर हे मोठ्याने म्हणून बघा. आम्ही तोवर छताकडे बघतो.