अंकुरची माती, दुपारी चार वाजता

एकच कोड लिहायचा आणि तो अँड्रॉइडवरही चालणार, आयफोनवरही चालणार! दोनदा मेहनत नाही, दोनदा चूक नाही! अंकुरनं हे वाक्य दोन महिन्यांत नेरमधल्या इतक्या जणांना ऐकवलं होतं, की चौकातला पंक्चरवाला ते आता ट्यूब बुडवता बुडवता स्वतःच म्हणायचा. आणि वाक्य खरं निघालं. चूक एकदाच झाली. दोन्हीकडे चालली.

अंकुर सत्तावीस वर्षांचा. पुण्याच्या कंपनीनं एका सोमवारी पन्नास जणांना एकाच मीटिंगमध्ये घरी पाठवलं, त्यातला हा सदतिसावा. तेव्हापासून तो मागच्या खोलीत, सोयाबीनच्या पोत्यांना पाठ टेकून ॲप लिहीत होता. वडील बबनराव अधूनमधून दारात येऊन चौकशी करायचे.

"कोणत्या भाषेत लिहून राह्यला?"

"डार्ट."

"कोठं बोलतेत हे?"

"कोठंच नाही."

"मंग समजते कोणाले?"

"दोन्ही फोनाले."

बबनराव उठून बैलांकडे जायचे. तिथं निदान मान हलवून उत्तर मिळायचं.

ॲप होतं बाबूसिंगचं. बाबूसिंगचं बसस्टँडामागे दुकान: बांबू, मडकी, पांढरं कापड, गोवऱ्या. गावात कोणी गेलं, की त्याचा ऑटो भोंगा लावून गल्लीगल्ली फिरायचा: अमक्याची माती अमक्या वाजता. अंत्यविधीला आमच्याकडे मातीच म्हणतात, फार सजवून बोलत नाहीत. यंदा भोंगा वारला. बाबूसिंगनं ठरवलं, आता मोबाइलवरच कळवायचं. ॲपचं नाव त्यानं स्वतः ठेवलं: 'अखेर'.

धंद्यात मुरलेला माणूस. त्याच्या सूचना पक्क्या होत्या. खेड्यात नेट जातं, म्हणून बातमी एकदा आली की फोनमध्येच साठून राहिली पाहिजे. लोक विसरतात, म्हणून मातीची वेळ होईपर्यंत दर अर्ध्या तासाला फोननं आठवण केली पाहिजे. आणि दुःखातला माणूस फार लिहू शकत नाही, म्हणून रिकामी जागा ॲपनं आपोआप भरली पाहिजे. भरायचा मजकूरही त्यानंच दिला होता.

"अन् बातमी रद्द कराचं बटण?" अंकुरनं विचारलं होतं.

"माह्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात परत कोणी आलं नाही," बाबूसिंग म्हणाला. बटण करायचं राहूनच गेलं.

आता आयफोनची गरज काय? नेरमध्ये आयफोन मोजून चार, त्यांतले दोन फुटलेले! पण पाचवा आर्णीत होता आणि तो निकिताचा होता. निकिता आर्णीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. पगारातून घेतलेला फोन. रविवारी तिचं आणि अंकुरचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. तिचे वडील मारोतराव यांचं खताचं दुकान. वस्तू उघडून दाखवल्याशिवाय ते स्वतः विकत नसत आणि घेतही नसत. त्यांनी सांगून टाकलं होतं, "पोरगा घरी बसून काय करते हे मले दिसलं पाहिजे. पोरीच्या फोनात चालून दाखवा, मंग साक्षगंध."

म्हणजे शुक्रवारपर्यंत निकिताच्या फोनवर 'अखेर' चाललं, तर अंकुरचं लग्न. नाही चाललं, तर पोती.

शुक्रवारी सकाळी आयफोनवाल्यांनीही ॲप तपासून पास केलं. तीनच फोनांत टाकलं: अंकुरच्या, बाबूसिंगच्या आणि निकिताच्या. तिला त्यानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "दुपारी एक खोटी बातमी येईल. घाबरू नको. नीट दिसते का तेवढं सांग." बाबूसिंगला सांगायचं राहून गेलं. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर ठेवायचा असतो, हे अंकुरला पाठ होतं. पण तीन फोनांसाठी कोण वेगळी चूल मांडतो?

अडचण आली ती नावाची. खोटी बातमी, पण मारायचं कोणाला? आई तानाबाईंनी आधीच बजावलं होतं, "घरच्या कोणाचं नाव टाकलं तर हात मोडीन!" शेजाऱ्याचं टाकणं पाप. मनचं टाकावं, तर ज्या नावाचा माणूस नेर तालुक्यात नाही असं नाव सापडेना. शेवटी चांगल्या संस्काराचा मुलगा जे करेल ते त्यानं केलं. स्वतःचं टाकलं. आपल्या मरणाला आपली हरकत नाही, मग कोणाची असणार?

नाव, वय, मातीची वेळ चार. फोटो लग्नाच्या बायोडेटातला, ब्लेझर घातलेला. बाकी जागा रिकाम्या. साडेअकराला बटण दाबलं. दोन सेकंदांत त्याचा स्वतःचा फोन वाजला. अंकुरला इतका आनंद झाला, की फोन चार्जिंगला लावून तो आंघोळीला गेला.

त्याला जे माहीत नव्हतं ते असं. बाबूसिंगनं सकाळी आठलाच ॲपची फाइल आपल्या सगळ्या ग्रुपांवर टाकली होती: भजनी मंडळ, कापूस भाव, तांडा समिती, दहावीची बॅच. खाली लिहिलं होतं, 'आपलं ॲप आलं. सर्वांनी लाभ घ्यावा.' चारशे जणांनी घेतला.

आता बाहेरचा माणूस म्हणेल, एवढ्या तरुण पोराची बातमी आली तर लोक आधी फोन करून खात्री करतील. नाही करत! ज्या घरात माणूस गेला, त्या घरी फोन लावून 'खरंच गेला का?' असं विचारायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. लोक हातातलं काम टाकतात, गाडीला किक मारतात आणि निघतात.

पहिल्या आल्या शेजारच्या वर्षाकाकू. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरीचा डबा घेऊन. अंगणात पाय ठेवला तर स्वयंपाकघरातून भज्यांचा वास! तानाबाई कढईशी उभी राहून गुणगुणत होत्या. वर्षाकाकूंनी तोंडाला पदर लावला. दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं. तेवढ्यात न्हाणीचं दार उघडून अंकुर टॉवेलात बाहेर आला, केस ओले, अंगाला साबणाचा वास. मयताला शेवटची आंघोळ घालतात, हे काकूंना ठाऊक होतं. पण तो स्वतः चालत येत नाही.

"काकू, तुम्ही?"

काकू फार हळू आवाजात म्हणाल्या, "तू काहून उठला बाबा?"

पंधरा मिनिटांत अंगण भरलं. त्यात बाबूसिंगचा ऑटो आला. वर बांबू, मागे मडकं, बाबूसिंगचे डोळे लाल.

"जिता हाय!" तो ओरडला आणि त्यानं अंकुरला कडकडून मिठी मारली. "बातमी वाचली तं ऑटो सुसाट सोडला बाप्पा! म्हटलं, ॲपचा पासवर्ड कोणाजोळ हाय आता?"

"तुम्ही किती लोकांले पाठवलं हे ॲप?"

"फक्त आपल्याच लोकांले."

'आपल्याच लोकांनी' रस्ता बंद केला होता. तानाबाईंनी मुलाला आधी पोटाशी धरलं आणि मग झारा उचलला. बबनराव ओट्यावर उभे राहून सांगू लागले, "पोरगा जिवंत हाय हो! गैरसमज झाला!" लोक माना खाली घालून म्हणायचे, "हो भाऊ, धीर धरा."

आणि बारा वाजता अंगणातले दीडशे फोन एकदम वाजले. 'माती चार वाजता. निघालात का?'

अंकुर लॅपटॉपवर बसला. सर्व्हरवरून बातमी पुसली. पण बातमी आता सर्व्हरवर राहतच नव्हती. ती चारशे फोनांत साठली होती, बाबूसिंगच्या सूचनेप्रमाणे, कायमची. साडेबाराला फोन पुन्हा वाजले. एकाला पुन्हा पुन्हा वाजणं हा वाढता शोक वाटला आणि तो रडू लागला. अंकुरनं घाईघाईनं रद्द करायचं बटण लिहिलं, नवी फाइल अंगणात वाटली. ज्यांनी टाकून घेतली, त्यांच्या फोनात तो जिवंत झाला. बाकीचे म्हणाले, "मेलेल्याच्या हातची फाइल घ्यावं का नाही, भटजीले विचारून सांगतो."

आयफोनवर मात्र असं हातानं वाटता येत नाही. नवं ॲप तपासायला पाठवावं लागतं, ते कधी पास होईल ते सांगत नाहीत. निकिताला फोन लावला, तर फोन उचलला पुरुषी आवाजानं.

"कोण बोलते?"

"मी अंकुर."

पलीकडे गाडीचा ब्रेक कचकन लागला आणि फोन बंद झाला.

त्याचं असं झालं होतं, की ड्यूटीवर फोन चालत नाही म्हणून निकिता तो घरीच ठेवून गेली होती. बातमी मारोतरावांनी वाचली. जीप काढली, भाऊ-पुतणे बसवले आणि पोरीचा फोन सोबत घेतला. अडीच वाजता जीप दारात उभी राहिली. पांढरे कपडे घातलेले पाच जण उतरले. मारोतराव सरळ अंकुरसमोर आले. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जिवंत असल्याची खात्री झाली आणि त्यांचा चेहरा आणखीच काळा पडला.

"मेला असता तं मी काही बोललो नसतो," ते म्हणाले. "मेलेल्याले कायले विचाराचं? पण आता तू समोर उभा हायस तं सांग. हे काय हाय?"

त्यांनी आयफोन पुढे केला. ब्लेझर घातलेला अंकुर हसत होता. खाली लिहिलं होतं: 'अल्पशा आजाराने निधन. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना व नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे.'

वर्षाकाकू डबा सावरून पुढे सरकल्या.

"मामाजी, ते ॲप आपोआप भरते..." अंकुर म्हणाला.

"माणसाचे लेकरं आपोआप भरते?"

"ईवाई, पोराचं वय सत्तावीस हाय," बबनराव व्याह्याच्या नात्यानं मध्ये पडले. "नातवंडं कधी होतीन?"

"ईवाई नका म्हणू मले! नातवंडं सोडा. बायको तं होऊ शकते ना? पुण्याले पाच वर्षं होता!"

जिवंत असल्याचा पुरावा द्यायला उभं राहावं लागतं. बायको नसल्याचा पुरावा कसा द्यायचा? अंकुर उभाच राहिला. शेवटी बाबूसिंग पुढे आला. त्यानं खिशातून घडी पडलेला कागद काढला, त्याच्याच अक्षरातला. "साहेब, हे म्या लिहून देल्लं. पंचवीस वर्षांत भोंग्यावर हेच सांगत आलो. पोट्टं असो, म्हातारं असो, सगळ्याच्या मागं हेच ऱ्हायते. घरच्यायले बरं वाटते ऐकून."

मारोतरावांनी कागद दोनदा वाचला. मजकूर तोच. मग त्यांनी बाबूसिंगकडे पाहिलं, बांबूंकडे पाहिलं आणि ओट्यावर बसून पाणी मागितलं. तानाबाईंनी पाण्यासोबत भजीही आणली. मारोतरावांनी चार खाल्ली. अंगणात हायसं वाटलं. अंकुरनं घसा साफ केला.

"मग मामाजी, रविवारी..."

मारोतराव पाचव्या भज्याकडे बघत राहिले.

"असं हाय बेटा, आर्णीहून नेर दोन तासाचा रस्ता. गाडीत गप्प बसून माणूस करंन काय? दारव्ह्याचा बँकवाला पोरगा दोन नंबरले होता. त्याच्या बापाले फोन लावला. हो म्हणून बसलो."

"पण मी तर मेलोच नव्हतो!"

"फोनवर कोणी थट्टा करते असं वाटलं, खरं मले नेरात समजलं. होकार दारव्ह्याले देल्ला. आता त्यायले कोणत्या तोंडानं सांगू, का पहिला उठला म्हणून?"

साडेतीनला फोन पुन्हा वाजले. 'अर्धा तास उरला.' कोणी हसलं नाही. आलेले बरेचजण चार वाजेपर्यंत थांबले. काम टाकून आलोच आहोत, तर वेळ तरी पूर्ण करावी, असं त्यांचं म्हणणं. चार वाजता ते उठले, अंकुरला नमस्कार केला आणि घरी जाऊन आंघोळी केल्या.

सव्वापाचला अंकुरचा फोन वाजला. दवाखान्याचा नंबर.

"निकिता, ऐक ना! म्या तुले सांगतलं होतं ना, खोटी बातमी..."

"आता समजलं मले. काकाचा फोन आलता रिसेप्शनवर." तिचा आवाज इंजेक्शन देताना असतो तसा होता. "म्हणजे साडेअकराले तू मेला. मी वॉर्डात होती, मले कोणी सांगतलं नाही. अडीचले तू जिता झाला, तेही कोणी सांगतलं नाही. मधात माहं दुसरीकडं जमलं, ते तं कोणी विचारलंही नाही. तुह्या नावानं सारं नेर रडून मोकळं झालं. अन् जिचं लग्न होतं, ते सलाइन लावून राह्यली होती."

"मग तो बँकवाला?"

"होकार बाबानं देल्ला. त्यायलेच करू दे त्याच्यासंग लग्न."

अंकुरच्या जिवात जीव आला. "म्हणजे आपलं..."

"तुले हो म्हटलं का मी? हो का नाही, दोन्हीकडून विचार करून राह्यली. सोमवारी सांगते."

"सोमवारलोक मी काय करू?"

पलीकडे कोणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली.

"जिता राह्य," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अंकुरनं कॅलेंडर पाहिलं. शनिवार, रविवार. दोनच दिवस होते, पण जिवंत राहण्याचा त्याचा कालपर्यंतचा आत्मविश्वास आता राहिला नव्हता.